दारू सोडवणारी सुई : संशोधनाचा जमाखर्च

महिन्याचा पहिला आठवडा आला की आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या भगिनींची संख्या वाढते. कारण सांगायला नको. पगाराचा आठवडा असतो. कुणाच्या घरी निम्मा पगार येतो, कुणाच्या घरी नुसते पाकीट. या भगिनींचा प्रश्न बहुतेक एकच असतो, "दादा, दारूची गोडीच मरून जाईल अशी एखादी सुई निघाली आहे म्हणतात. कितीही पैसे लागू द्या, पण कुठे मिळते तेवढे सांगा."

हा प्रश्न भाबडा आहे असे कुणी समजू नये. जगातल्या मोठमोठ्या संशोधकांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि तीस-चाळीस वर्षे त्याच्यामागे घालवली. त्यांना काय सापडले आणि काय सापडले नाही, हे आपल्या माणसांना साध्या भाषेत कळले पाहिजे. नाहीतर भिंतीवरच्या जाहिराती वाचून पाच-पाच हजार रुपये पुडीवाल्या बाबाच्या झोळीत जातात. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, कचेरीत जमाखर्च लिहिणारे. म्हणून या संशोधनाचाही जमाखर्चच वाचकांपुढे मांडतो.

मेंदूतला निरोप्या

सन १९५४ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोन संशोधकांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. उंदराने पिंजऱ्यातली दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक जागी विजेचा अगदी सौम्य झटका बसे. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा, तासाला शेकडो वेळा दाबू लागला. मेंदूत अशी काही जागा आहे की जी चेतवली म्हणजे प्राणी तीच गोष्ट परत परत करतो, हे त्यातून दिसले.

पुढे १९५७ च्या सुमारास स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी दाखवून दिले की डोपामीन नावाचे रसायन मेंदूत स्वतंत्र काम करते. एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीकडे नेणारा हा निरोप्या आहे. हातपाय हलवणे, एखाद्या गोष्टीची ओढ वाटणे, अनुभवातून शिकणे ही कामे त्याच्यावाचून अडतात. या शोधाबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८८ मध्ये इटलीतील काल्यारीच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की दारू, निकोटीन, कोकेन, अफूवर्गातील द्रव्ये यांचा मार्ग वेगवेगळा असला तरी मेंदूच्या एका विशिष्ट भागात या सगळ्यांनी डोपामीन वाढते.

दुसरीकडे, डोपामीनला अडवणारी औषधे दवाखान्यांत आधीच आली होती. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी गंभीर मानसिक आजारासाठी क्लोरप्रोमाझीन वापरले. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल तयार झाले. ही औषधे काम कशी करतात? पेशीवर डोपामीनसाठी जणू एक कुलूप असते. औषध त्या कुलपात आधीच जाऊन बसते, म्हणजे डोपामीनची किल्ली आत शिरत नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात या औषधांनी असंख्य माणसे पुन्हा घरी आली, कामाला लागली. त्यांचे ते उपकार कुणी विसरू नयेत.

आता दोन अधिक दोन चार, असा सरळ हिशेब झाला. दारूने डोपामीन वाढते, डोपामीनमुळे मजा येते, तर मग डोपामीन अडवा म्हणजे मजा संपेल. मजा संपली की माणूस पेला ठेवून देईल. आपल्या भगिनी जी सुई मागतात, ती नेमकी हीच. उंदरांवरच्या काही प्रयोगांत आणि थोड्या माणसांवरच्या काही चाचण्यांत आशाही दिसली. पण कागदावरचा हिशेब आणि तिजोरीतली रोकड जुळली की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजणी झाली तेव्हा

औषधाची खरी परीक्षा कशी घेतात ते आधी सांगतो. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला खरे औषध, दुसऱ्याला हुबेहूब तसेच दिसणारे पण आत औषध नसलेले. कुणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. शेवटी पाकिटे उघडतात आणि दोन्ही गटांची तुलना करतात. यामुळे "मला बरे वाटले" या समजुतीचा भाग वेगळा काढता येतो.

अशी एक परीक्षा फ्लुपेंथिक्सॉल या डोपामीन अडवणाऱ्या औषधाची झाली. दारू थांबवून शरीर स्थिर झालेले २८१ रुग्ण घेतले. दर दोन आठवड्यांनी सुई. म्हणजे गोळी विसरण्याचा प्रश्न नाही. आपल्या भगिनी मागतात तशीच व्यवस्था. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांत बिनऔषधाची सुई घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे ६३ जण पुन्हा पिऊ लागले. आणि खरी सुई घेणाऱ्यांपैकी? शंभरात ८५! औषधाने काम केले नाही एवढेच नव्हे, ज्यांना औषध मिळाले ते जास्त घसरले.

पुढे नवी, सुधारित औषधे आली. अ‍ॅरिपिप्राझोल हे औषध डोपामीनला पूर्ण अडवत नाही, थोडे अडवते आणि थोडे चालू ठेवते. अमेरिकेत २९५ रुग्णांवर बारा आठवडे त्याची परीक्षा झाली. २००८ साली निष्कर्ष आला की न पिता गेलेल्या दिवसांच्या प्रमाणात बिनऔषधाच्या गोळीहून ते सरस ठरले नाही. क्वेटियापीन या औषधाची परीक्षा अति पिणाऱ्या २२४ रुग्णांवर झाली. २०१२ मध्ये तिचाही निष्कर्ष तसाच आला. २०१३ साली अशा सर्व चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या, तेव्हा या वर्गातील औषधे पुन्हा पिणे टाळण्यात बिनऔषधाच्या गोळीपेक्षा चांगली नाहीत असेच दिसले.

हिशेब कुठे चुकला?

कचेरीत काम करणाऱ्याला अंदाजपत्रक समजावून सांगावे लागत नाही. अमुक रक्कम येईल असा अंदाज धरला आणि तेवढीच आली, तर कुणी मान वर करून बघत नाही. जास्त आली तर सगळे खूश. आली नाही तर खळबळ. मेंदूतले डोपामीन काहीसे या अंदाजपत्रकाच्या कारकुनासारखे काम करते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग १९९० च्या दशकात गाजले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की डोपामीनच्या पेशी चेतत. मग रस देण्याआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी रसाच्या वेळी शांत राहू लागल्या आणि दिवा लागताच चेतू लागल्या. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंद होत.

याचा अर्थ डोपामीन म्हणजे निव्वळ मजा नव्हे. "आता मिळणार" ही ओढ त्यात मोठी आहे. पिणाऱ्या माणसाचा दिवा कोणता? गुत्त्याचा कोपरा, हातात पडलेला पगार, संध्याकाळचा सहा वाजताचा भोंगा, मित्राची शीळ. पेला ओठाला लागण्याच्या कितीतरी आधी आतला कारकून अंदाज लिहून मोकळा झालेला असतो.

अमेरिकेचे केंट बेरिज यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. डोपामीन जवळजवळ नष्ट केलेले उंदीरही जिभेवर गोड ठेवले तर गोड लागल्याची चेहऱ्यावरची खूण दाखवतात. पण गोड मिळवायला स्वतः उठत नाहीत. म्हणजे 'आवडणे' वेगळे आणि 'हवेसे वाटणे' वेगळे. आपल्या वस्तीतला पिणारा माणूस शुद्धीवर असताना काय म्हणतो ते आठवा. "आता काही मजा येत नाही वहिनी, पण राहवत नाही." आपण म्हणतो, खोटारडा आहे. विज्ञान सांगते, दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. डोपामीन अडवणारे औषध फक्त दारूची ओढ शोधून अडवत नाही. लेकराचे बोबडे बोल, गरम भाकरी, चार माणसांतली थट्टा, कामावर जाण्याची उमेद, या सगळ्यांचा निरोप तेच रसायन नेते. आणि नुकतीच दारू सोडलेल्या माणसाकडे हे भांडवल आधीच कमी असते. नोरा व्होल्को यांनी १९९६ मध्ये मेंदूचे चित्र घेऊन दाखवले की दारूच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूत डोपामीनची काही कुलपे इतरांपेक्षा कमी आढळतात. सोडल्यानंतरचे दिवस रुक्ष जातात, कशातच मन लागत नाही, ते यामुळेही असू शकते. अशा माणसाला वरून डोपामीन अडवणारी सुई देणे म्हणजे तुटीतल्या खात्यातून आणखी रक्कम काढणे. जग आणखी बेचव होते, आणि बेचव जगात त्याला एकच जुनी वाट ठाऊक असते. सुई घेणारे जास्त का घसरले, याचे एक स्पष्टीकरण संशोधक असे देतात. त्यात अंग ताठणे, हात थरथरणे, एका जागी बसवत नाही अशी बेचैनी, वजन वाढणे हे दुष्परिणाम निराळेच.

म्हणजे दारुड्याची 'मजा मारून' त्याला सुधारता येत नाही. त्याच्या आयुष्यात दुसरी गोडी परत आणावी लागते. ही प्रवचनाची ओळ नाही, चाचण्यांतून निघालेला निष्कर्ष आहे.

मग औषध नाहीच का?

आहे. पण त्याची वाट वेगळी आहे. कार्लसन यांच्याच स्वीडनमध्ये डोपामीन अडवण्याऐवजी ते समतोल ठेवणारे एक नवे द्रव्य ५६ रुग्णांना देऊन पाहिले, आणि २०१५ मध्ये तलफ कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. एवढ्यावरून दारू सुटते असे म्हणता येत नाही. मात्र आज दवाखान्यात मिळणारी औषधेही आहेत.

पहिले नाल्ट्रेक्सोन. ते डोपामीनला थेट हात लावत नाही. दारूने मेंदूत अफूसारखी जी नैसर्गिक द्रव्ये सुटतात, त्यांची जागा अडवते. अमेरिकेत १९९२ मध्ये ७० जणांवरच्या चाचणीत बिनऔषधाच्या गटातले शंभरात ५४ घसरले, औषधाच्या गटातले २३. १९९४ साली तेथे त्याला मान्यता मिळाली. दुसरे अकाम्प्रोसेट, जे सोडल्यानंतरची अस्वस्थता कमी करायला मदत करते. २०१४ साली अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा दिसले की साधारण बारा जणांनी नाल्ट्रेक्सोन घेतले तर त्यांतला एक जण जादा, औषधामुळे म्हणून, पुन्हा अति पिण्यापासून वाचतो. बारात एक! थोडे वाटेल. पण तो एक आपल्या घरातला असेल तर थोडे नाही.

तिसरे डायसल्फिराम. याची कथा १९४८ च्या कोपनहेगनची आहे. जंतांवरचे औषध म्हणून ते तपासताना संशोधकांनी स्वतः घेऊन पाहिले, आणि दारू घेताच त्यांना त्रास झाला. हे औषध तलफ मारत नाही. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आपल्या मुंबईत डॉ. अविनाश डिसूझा व डॉ. अ‍ॅलन डिसूझा यांनी शंभर पुरुषांवर वर्षभर तुलना करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडला. डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी शंभरात ८६ जण दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४. पण नीट लक्षात घ्या. यात कोणते औषध चालू आहे हे रुग्णाला ठाऊक होते, आणि घरचे माणूस गोळी घेतली जाते की नाही यावर लक्ष ठेवत होते. सुटला तो जाणूनबुजून घेऊन सुटला.

तीन गोष्टी जिवाच्या

पहिली. हे डायसल्फिराम चहात, डाळीत गुपचूप मिसळून देण्याचा सल्ला कुणी देत असेल तर तो साफ नाकारा. माणसाला ठाऊक नसेल तर तो नेहमीसारखी अख्खी क्वार्टर घेईल आणि जिवावर बेतेल. हृदयविकार किंवा यकृताचा आजार असेल तर धोका आणखी मोठा. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. 'नकळत दारू सोडवा' असे छापलेल्या पुडीत काय आहे हे तर देव जाणे आणि पुडीवाला जाणे.

दुसरी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एका दिवसात दारू तोडायला लावू नका. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत अंग थरथर कापणे, ताप, भिंतीवर किडे-साप दिसणे, असा भ्रम होऊ शकतो. भूतबाधा समजून अंगारा लावत बसू नये. हा वैद्यकीय संकटाचा प्रसंग आहे, ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यावे. तेथे डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात. फक्त डोपामीन अडवणारी सुई देऊन झोपवले तर फिटचा धोका वाढू शकतो. म्हणून नाक्यावरच्या ओळखीच्या माणसाकडून 'शांत होण्याची सुई' टोचून घेऊ नका.

तिसरी. ज्यांना स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे आणि त्यासाठी ही औषधे चालू आहेत, त्यांनी हा लेख वाचून एकही गोळी बंद करू नये. आम्ही लिहिले ते केवळ दारूच्या व्यसनापुरते. त्यांच्यासाठी ती औषधे आधार आहेत. काही त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावा.

आपण काय करू शकतो?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १६ कोटी भारतीय दारू घेतात आणि ५ कोटी ७० लाखांना तिच्यामुळे मदतीची गरज आहे. व्यसनाधीनांपैकी ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले. उरलेल्या ३७ जणांचे काय होते ते आपण रोज बघतो.

पण गोव्यातून एक उमेद देणारी गोष्ट आली आहे. तेथे डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवले. हाताबाहेर जाण्याच्या बेतात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर ही परीक्षा झाली. व्यसनात पुरते बुडालेले त्यात नव्हते. काही मोजक्या भेटी, एवढाच उपचार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी शंभरात ३६ जण धोक्याच्या रेषेखाली आले. न मिळालेल्यांपैकी २६. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आमच्या वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलामुलींना हे काम जमणार नाही असे कोण म्हणेल? मंडळाच्या वर्गणीतून मिरवणुकीचा एक बाजा कमी करा आणि दोन मुलांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा.

पाचवे शील आपण सर्व जण म्हणतो. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ज्याने अजून पेला उचललेला नाही, त्या पोरासाठी ती ढाल आहे. पण जो आजारी पडलाच आहे, त्याला विहारात चारचौघांत शील ऐकवून लाजवले तर तो विहारात येणे सोडतो, दारू सोडत नाही. त्याला प्रतिज्ञेची आठवण जरूर द्यावी, पण हात धरून दवाखान्यापर्यंतही न्यावे.

भगिनींना एवढेच सांगतो. नवरा पितो हा तुमचा दोष नाही, आणि त्याला सोडवणे ही एकट्या तुमची जबाबदारी नाही. तो शुद्धीवर असताना, शक्यतो सकाळी, त्याच्याशी बोला. सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. तेथे चार प्रश्न विचारा : दारू एकदम थांबवावी की दाखल व्हावे लागेल? यकृत, मूत्रपिंड आणि हृदयाची तपासणी झाली का? नाल्ट्रेक्सोन, अकाम्प्रोसेट, डायसल्फिराम यांतले याला कोणते चालेल? समुपदेशन कोणत्या वारी असते? व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी मोफत क्रमांक आहेत. मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. औषध लागू पडेपर्यंत मार खात थांबायचे कारण नाही.

आणि तो एकदा सोडून पुन्हा घसरला, तर "गेला वाया" म्हणून खाते बंद करू नका. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून कुणी औषध टाकून देत नाही, डॉक्टरकडे परत जातो. येथेही तसेच. गोडी मारणारी सुई संशोधकांना सापडली नाही. पण गोळी, समुपदेशन आणि घरच्यांची उघड, शहाणी साथ या तिन्हींची बेरीज केली तर माणसे परत येतात. पुढील पगाराच्या आधी केसपेपर निघाला, तर या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.